कोरड्या कालव्याचा पाव्हणा

“उपसा! गावातले सगळे आड उपसा आणि कालव्यात ओता!” धोंडनगरचा राजा भुजंगराव गरजला.

धोंडनगर म्हणजे आधीच पावसानं वाळीत टाकलेलं गाव. पावसाळ्यात डोंगरावरून लोंढा येईल तेवढंच काय ते पाणी. त्या लोंढ्यासाठी राजानं भर बाजारातून खोल दगडी कालवा बांधला होता. दोन्ही काठांना पायऱ्या, वर लोखंडी गजांचं कुंपण, मधे कमानीचा पूल आणि कुणी पायरीवर पाय ठेवला की भाला रोखणारे शिपाई! आता चैत्रात कालवा ठणठणीत कोरडा पडला, तरी पहारा चालूच. कशावर, ते शिपायांनाही ठाऊक नव्हतं.

राजाला घाई झाली होती, कारण राणीचा भाऊ मानसिंगराव यायचा होता. त्याच्या गावाला बारमाही नदी. गेल्या खेपेला तो मिशीत हसून म्हणाला होता, “दाजी, तुमच्याकडं सगळं आहे हो, पण गावाला काठ नाही. माणसानं संध्याकाळी टेकावं कुठं?” तेव्हापासून राजाला घास गोड लागत नव्हता.

भिवरा कुंभारीण नेमकी रांजण पोचवायला राजवाड्यात आली होती. आड उपसायचं ऐकलं आणि तिचं पित्तच खवळलं. माती कशात भिजवायची? पोराबाळांनी प्यायचं काय? रांजण तिथंच टेकवून ती थेट सिंहासनासमोर उभी राहिली.

“म्हाराज, त्या तापल्या दगडावर पाणी वतलं तर पाव्हणा येईस्तवर नुसती वाफ उरंल! पाव्हण्याला काय वाफारा द्यायचाय?”

“तोंड सांभाळ!” कारभारी ओरडला.

“घशाला कोरड पडली की तोंड सांभाळत न्हाई, कारभारी!”

राजाला हसू आलं, पण हट्टी माणूस, गिळून टाकलं.

“बरं! मग तूच कर. अट ऐक. आडाचा थेंब कालव्यात पडता कामा नये. पाहुण्याला कुणी ‘बसा’ म्हणायचं नाही. तरी त्यानं आपल्या पायांनी पालखीतून उतरून कालव्यात बसलं पाहिजे, आणि आपल्या तोंडानं म्हटलं पाहिजे की असं आमच्याकडं नाही! नाही जमलं, तर आड उपसणार. आणि पहिली घागर तू ओढणार!”

“कबूल! फकस्त ते कुंपण काढा, भालेवाल्यांना घरी धाडा. आन खाली उतरणाऱ्याला कुणी हटकायचं न्हाई.”

“एवढंच?”

“लई झालं!”

कुंपण निघालं. पण लोकांना सवय भाल्यांची! पायरीपाशी यायचे आणि मागं सरायचे. भिवरानं आपले कोरे रांजण विकायला पुलाच्या सावलीत नेऊन मांडले आणि वर तोंड करून हाळी दिली, “अगं ये की भवाने! दगूड चावतोय व्हय?”

एक उतरली, मग तिची जाऊ उतरली. खाली बघतात तर काय, गारवा! उन्हं कलली की घरांची सावली सगळी खालीच पडायची. मग चैत्रगौरीचं हळदीकुंकू तिथंच आलं, कारण चार बायका मावतील असं घर गल्लीत एक नव्हतं. पुलाच्या कमानीला पाळणे लागले. पैलवानांनी तांबडी माती पसरली. न्हाव्यानं सारीपाट मांडला. कलिंगडवाला आला, त्याच्यामागं माशाही आल्या!

पाहुण्याची पालखी पुलावर आली. सामोऱ्या आलेल्या राजाचं तोंड स्वतःच्याच अटीनं शिवलेलं. भिवरा खालून टक लावून बघत होती. पालखी पूल ओलांडून पुढं गेली... गेलीच! भिवरानं कपाळावर हात मारला.

“थांबवा!” आतून आवाज आला. “खाली एवढा हशा कसला?”

मानसिंगराव उतरला, पायऱ्या उतरून खाली आला. त्याला कुणी ओळखलं नाही, त्यामुळे कुणी उठलंही नाही. एका म्हातारीनं आंबेडाळीचा द्रोण त्याच्या हातात कोंबला, “वाटेत हुबा ऱ्हाऊ नगंस, बाबा!” तो बसला. पगडी काढली. न्हाव्याशी सारीपाट खेळला आणि हरला. “पुन्हा मांडा!” दिवेलागण झाली. ताट वाढल्याचा राणीचा निरोप आला.

“ताईला सांगा, झाकून ठेव म्हणावं!”

शेवटी राजाही खाली येऊन पायरीवर टेकला. “काय मेव्हणे, तुमच्या नदीकाठची सर नसेल याला...”

“कसला नदीकाठ, दाजी! आमच्या नदीत मगरी! काठाला बसलेला माणूस डोळा मिटत नाही. छे हो, असं आमच्याकडं नाही!”

आड वाचले! पण राजाची तंगडी वरच.

“जिंकलीस! तरी कालवा मी पाण्यासाठी बांधलाय. पाणी नाही तर लोक कशाला? उद्या कुंपण परत!”

भिवरानं पदर खोचला. “म्हाराज, पाणी ह्यो आपल्या गावचा पाव्हणा. चार म्हयनं येतो. त्यो आला की आमी आपसूक वरच्या पायरीला सरकू, मान द्यायचं कळतंय आमाला. पर हे तुमचं मेव्हणं माघारी गेलं, की तुमी ओसरीला कुंपण घालून भालेवाला हुबा करनार का? मग रानीसायबांनी बसावं कुठं?”

मानसिंगराव असा हसला की सोंगट्या उधळल्या. राजा आधी लाल झाला, मग गदगदा हसत सुटला. पगडी घरंगळून थेट पैलवानांच्या मातीत!

“घे!” त्यानं हातातलं सोन्याचं कडं काढलं.

“त्ये राहू द्या. कुंपणाचे गज द्या. आडांचे रहाट मोडलेत.”

“गज घे, कडंही घे! आणि त्या भालेवाल्यांचं काय करू?”

“भाले काढून हातात ओगराळं द्या. पाण्यानं भरल्या रांजणाशी हुबं करा!”

दुसऱ्या दिवशी, पूर्वी पायरीवर भाला रोखणारा शिपाईच पुलाखाली पाणी वाढत होता. “या, बसा अक्का, पाणी घ्या!”

“आदी हात धू, मुडद्या!” भिवरा म्हणाली, आणि पायरीवर ऐसपैस बसली.