दुपारचं दार

“...म्हणजे सगळं जगच तापत असताना एका जिल्ह्याचा आराखडा घेऊन मी करू तरी काय, भंते?”

जिल्हा आरोग्य अधिकारी डॉ. अनोमा ढवळे परदेशातल्या आरोग्य परिषदेहून कालच परतल्या होत्या. उष्माघाताच्या मृत्यूंवर तिथे त्या तळमळून बोलल्या. टाळ्या पडल्या. ठराव मात्र पुढच्या वर्षावर गेला. जो तो देश म्हणे, आधी दुसऱ्याने सुरुवात करावी.

भंते ज्ञानकेतू विहाराच्या पायरीवर बसून ऐकत होते. लहानपणी अनोमाला पाली त्यांनीच शिकवली होती.

“आराखड्यात काय आहे?”

“भर दुपारी उन्हातली कामं बंद.”

“मग माणसं जातील कुठे?”

“...सावलीत.”

भंतेंनी समोर पाहिलं. वैशाखातलं चंद्रपूरकडचं ऊन. नव्या रस्त्यावर डांबर पडत होतं, आणि दूरवर एकही झाड नव्हतं.

तेवढ्यात तिकडून ओरडा झाला. दोघी मजूर बाया तिसरीला धरून आणत होत्या. तिचं अंग कोरडं, चटका बसावा इतकं तापलेलं. ती काहीबाही बरळत होती.

“आत घ्या तिला! आत!” डॉक्टर धावल्या.

विहाराचं दार बंद होतं. दुपारच्या ध्यानात ते उघडायचं नाही, हा भंतेंचाच नियम.

भंतेंनीच ते ढकललं.

गार फरशीवर बाईला निजवलं. ध्यानाला बसलेली माणसं उठली. कुणी पाणी आणलं, कुणी रुग्णवाहिकेला फोन केला, कुणी पुठ्ठ्याने वारा घालू लागलं. डॉक्टर मानेवर, काखेत ओल्या घड्या बदलत राहिल्या.

बऱ्याच वेळाने बाईने डोळे उघडले.

“मुकादमाले सांगा... मी काम सोडून पळाली नाही.”

डॉक्टरांनी तिचा हात घट्ट धरला.

रुग्णवाहिका आली, बाईला घेऊन गेली.

“वाचेल ती,” डॉक्टर म्हणाल्या. मग आवाज उतरला. “पण ही एक झाली, भंते. बाकीच्यांचं...?”

भंते दाराशी गेले.

“ती बाजू धर.”

दोघांनी जोर लावला. जुनं सागवानी दार बिजागऱ्यांतून वर उचललं गेलं. भंतेंनी ते भिंतीला टेकवून ठेवलं.

रस्त्यावरच्या बाया फावडी थांबवून बघत होत्या. एक पुढे आली. डांबराने माखलेल्या चपला काढून बिचकत उभी राहिली. तिच्यामागे दुसरी. मग मुकादमही, डोक्यावरचा रुमाल सोडत.

उंबऱ्यातच उभ्या डॉक्टर भराभर बोलू लागल्या. “आराखड्यात हेच घालते. समाजमंदिरं, सुट्टीतल्या शाळा, सगळं दुपारी उघडं. पाणी, पंखे... उद्याच बैठक लावते.”

मग त्या अडखळल्या.

“पण जग, भंते? जग कधी...?”

“जरा बाजूला हो, अनोमा,” भंते म्हणाले. “जग आत येतंय.”