चूलबाईला जेवायचं आमंत्रण

एकदा काय झालं, एका राज्यातल्या सगळ्या चुली एकाच सकाळी विझल्या. फुंकून फुंकून बायकांचे गाल दुखले, पण ठिणगी पडेना. आणि बरं का, नेमकी आदल्या दिवशीच राजाची धाकटी सून रेवा लग्न होऊन आली होती. मुलगी लाजाळू, बोलणं थोडं, पण नजर बारीक.

सासू म्हणाली, "पांढऱ्या पायाची निघाली. पुनवेपर्यंत चूल पेटली नाही, तर हिला माहेरी पोचवा."

रेवा थंड चुलीपुढे जाऊन बसली. मग काय, राखेतून बारीक आवाज आला. चूलबाईच बोलत होती.

"तू नको रडूस गं. मी रुसलेय. जन्मभर सगळ्यांना रांधून घातलं. पहिला घास मला टाकतात, पण तोही माझ्याच हातचा. आपल्या हातचं खाऊन कधी मन भरतं का? मला न पेटवता केलेलं काहीतरी वाढा. गार हवं, गोड हवं, सुरीनं कापता यायला हवं. मग उठेन."

आता आपल्या हातचं खाऊन मन का बरं भरत नाही, ते तुमच्या आईला विचारा.

रेवानं हे घरात सांगितलं. मग थोरल्या जावेनं फळांचं ताट सजवून नेलं. चूलबाई म्हणाली, हे तर झाडानं केलं, तू काय केलंस? मग मधलीनं दहीपोहे कालवले. चूलबाई म्हणाली, पोहे भट्टीत भाजलेले, आणि भट्टी माझी सख्खी बहीण.

मग राहिली रेवा. पुनव तर उद्यावर आलेली.

तिनं परातीत दूध ओतलं, वर मलमल बांधली आणि परात गच्चीवर उन्हात ठेवली. गोष्टीतलं ऊन ते, दिवसभरात दूध आटून घट्ट झालं. त्यात तिनं मध घातला. मग बदाम, सुकं खोबरं आणि खजूर कुटून लोण्यात मळले आणि थाळीत थापून काठ उभे केले. मग हातात घेतलं लिंबू.

सगळं घर धावलं. सासूनं मनगटच धरलं. "दुधात लिंबू? नासवायला निघालीस?"

रेवा कधी मान वर करायची नाही. पण तेव्हा केली. म्हणाली, "सासूबाई, मी वाटीत करून बघितलंय. पातळ दूध फाटलं. अर्धं आटलेलं रवाळ झालं. पण घट्ट दुधानं लिंबू पोटात घेतलं आणि चमचा उभा धरला."

सासूनं मनगट सोडलं. रेवानं लिंबं पिळली, सालीचा हिरवा कीस भुरभुरवला, सगळं थाळीत ओतलं. मग ती थाळी विहिरीपाशी ओल्या वाळूत झाकून ठेवली. थोरली जाऊ म्हणाली, सकाळी पनीर काढू आणि भाजी करू. मधली म्हणाली, भाजी कशावर करणार, कपाळावर?

सकाळ झाली. झाकण काढलं, तर थाळी चंद्रासारखी गुळगुळीत. रेवानं सुरी चालवली. फोड सरळ उभी राहिली, कुठं ओघळली नाही. तिनं पाट मांडला, रांगोळी काढली, चूलबाईला वाढलं.

आधी राख हलली. मग आतून हळूच आलं, "आंबट आहे गं. आणि गोडही. अजून एक वाढ."

आणि भुर्रकन जाळ उठला. वाड्यात उठला, गावात उठला, घराघरातून धूर निघाला. सासूनं नव्या जाळावर पहिला दिवा लावून रेवाला ओवाळलं. मग कुंकू कालवलं, तिचे पाय त्यात बुडवले आणि उंबऱ्यापासून चुलीपर्यंत तिला चालवत नेलं. ती लाल पावलं कोणी कधी पुसली नाहीत.

त्या घरात पुढे दर पुनवेला चूलबाई पाटावर बसून जेवायची. सगळे सुखात राहिले.

शहरात त्या गार थाळीला पाई म्हणतात म्हणे. आपली फ्रिजमध्ये ठेवलीय. सारखं दार उघडलं तर ती जमायची नाही. ती तिकडे जमू दे, तुम्ही इकडे डोळे मिटा.