माईंचा मारवा

"पण माई, फरक पडतो की नाही, एवढंच सांगा ना."

विद्याधरने पुन्हा विचारलं. इंदूमाई सुपारी कातरत होत्या. अडकित्ता थांबला नाही.

मिरजेला, माईंच्या गाण्याच्या खोलीत, त्याने आपला सगळा स्टिरिओ आणून मांडला होता. जुना सीडी प्लेअर आणि त्याच्याशेजारी नवी काळी पेटी, सीडी ट्रान्सपोर्ट. ही पेटी फक्त सीडी फिरवते, वाचते आणि वाचलेलं पुढच्या यंत्राकडे धाडते. दुसरं काही करत नाही.

तिने आवाज उजळतो, असं विद्याधरचं म्हणणं. काडीचाही फरक पडत नाही, असं चिदंबरचं. दोघे माईंकडे एकाच सतरंजीवर बसून गाणं शिकलेले. या वादापायी दिवाळीपासून बोलत नव्हते.

"चिदंबरला कानच नाहीत, माई."

"त्याचे कान मीच तयार केलेत."

माईंनी अडकित्ता खाली ठेवला.

"बटण दाखव," माई म्हणाल्या.

त्याने यंत्र निवडायचं बटण दाखवलं. डावीकडे फिरवलं की जुना प्लेअर, उजवीकडे फिरवलं की नवी पेटी. दोन्हींत एकाच सीडीची एकेक प्रत, माईंच्याच एका जुन्या मैफलीची.

"आता भिंतीकडे तोंड करून बस."

तो बसला. मारवा सुरू झाला. थोड्या वेळाने थांबला.

"हा जुना प्लेअर," विद्याधर लगेच म्हणाला. "कोंदट वाटतो. तंबोरे भिंतीला चिकटल्यासारखे."

"हं... पुन्हा ऐक."

पुन्हा तोच मारवा. या खेपेला तो सावरून बसला. दोन्ही तंबोरे वेगवेगळे ऐकू आले. कोमल रिषभावरून षड्जाकडे निघालेल्या माई वाटेतच थांबल्या होत्या. घर दिसत असून आत न जाणाऱ्या माणसासारख्या... इतकी वर्षं ही सीडी त्याच्याकडे होती. ही जागा त्याला कधी भेटली नव्हती. डोळे भरून आले.

"हीच! हीच नवी पेटी! माई, आता बोलवाच चिदंबरला..."

तो वळला.

बटण डावीकडेच होतं.

"तुम्ही... बदललंच नाहीत?"

"नाही."

विद्याधरची कानशिलं तापली.

"म्हणजे चिदंबरचंच खरं," तो पुटपुटला. "फरक पडलाच नाही."

माईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"पडला की. दुसऱ्यांदा तू ऐकलंस."