मोराची पुडी

फार फार मागे, तुमच्या पणजीची पणजी पाळण्यात होती तेव्हा, एक राज्य होतं. तिथं पाहुणा दारात आला की आधी त्याच्या हातावर तंबाखूची पुडी ठेवायची रीत होती. पुडीचा कागद हळदी रंगाचा, वर नाचरा मोर. बारसं असो की सोयरीक, मोराची पुडी दिली नाही तर पाहुणा रुसायचा. आणि दर पुडीमागे राजाला जकात मिळायची. राज्याची मोठी कमाई तीच!

त्या राज्यात एक वैदीण होती. सडलेल्या तोंडांना लेप लावून तिचे हात थकले. एक दिवस ती भर दरबारात म्हणाली, "महाराज, हा मोर उडवा. पुडी खाऊन जे होतं, तेच पुडीवर दिसू द्या. सडक्या तोंडाचं चित्र काढा."

खजिनदार उसळला. "आणि खजिना? लोक पुडी घेणार नाहीत. घेतलीच तर चोरट्या वाटेनं आलेली मोराची घेतील. जकात बुडाली!"

"मग नाक्यावरचे शिपाई काय माशा मारायला ठेवलेत?" वैदीण म्हणाली.

राजाला हसू आलं. खजिनदार मात्र इरेला पेटला. "वर्षभर करून बघू. पण खजिना घटला, तर वैदीणबाईंनी राज्य सोडायचं."

"कबूल."

सत्तरीची बाई, जन्म तिथलाच. जाणार होती कुठे? पण मागे हटली नाही. हटणारीला विचारतं कोण?

मोर गेला, चित्र आलं. पहिल्याच सोयरिकीत मुलीच्या आईनं सवयीनं पुडी पुढे केली. व्याह्यांनी चित्र पाहिलं आणि हात आखडला. "काय हो विहीणबाई, लग्नाआधीच आम्हाला पोचवता का?"

बाई लाजली. आत धावली आणि गुळाचा खडा नि पाण्याचा तांब्या घेऊन आली. ही गंमत गावोगाव पोचली. बघता बघता घरोघर पाहुण्याला गूळपाणी सुरू झालं.

वर्ष सरलं. खजिनदारानं दरबारात तंबाखूच्या जकातीची थैली पालथी केली. निम्मीच! "बांधा गाठोडं, वैदीणबाई."

"एकच थैली मोजता होय? गुळाच्या नाक्यावरची आणा. आणि आजाऱ्यांच्या धर्मशाळेवर यंदा किती खर्चलं, तेही सांगा."

खजिनदारानं हिशेबाच्या वह्या मागवून उघडल्या. गुळाच्या गाड्यांची जकात दुप्पट झाली होती. धर्मशाळेतल्या कितीतरी खाटा रिकाम्या होत्या. तोंड सुजून पडून राहणारे गडी पुन्हा औत धरत होते. सगळं मिळून खजिना घटला नव्हता, मूठभर वाढलाच होता.

राजा म्हणाला, "वैदीणबाई इथंच राहतील. आणि खजिनदार, उद्यापासून दरबारात येईल त्याला गूळपाणी तुम्ही द्यायचं."

खजिनदारानं पहिला खडा वैदिणीच्याच हातावर ठेवला. तिनं तो सर्वांदेखत कडाकडा चावून खाल्ला.

लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: प्रजेला आजारी पाडून भरलेला खजिना औषधातच रिता होतो, प्रजा धड, तर खजिना धड.