पहिल्या रांगेतला जावई

एका गावात केरबा नावाचा एक भोळा माणूस होता. भोळा हा शब्द त्याच्या आईचा. गावाचा शब्द वेगळा होता आणि तो पोराबाळांसमोर सांगण्यासारखा नाही.

केरबाची बायको हौसा रुसून पुण्याला तिच्या काकांकडे जाऊन बसली होती. त्याचं असं झालं. शेजारची म्हातारी वारली तेव्हा हौसाने नवऱ्याला शिकवलं होतं, "दुःखाच्या घरी मान खाली घालून बसायचं. बोलायचं न्हाई, च्या घ्यायचा न्हाई. उठताना 'येतो' म्हणायचं न्हाई, गुमान चालू लागायचं." केरबाने ते पक्कं ध्यानात ठेवलं. पुढच्याच आठवड्यात हौसाच्या धाकट्या बहिणीचा साखरपुडा होता. केरबा तिथे मान खाली घालून बसला. चहा परत केला. पेढा पुढे आला तर सुस्कारा सोडला. मग उठला आणि कुणालाही 'येतो' न म्हणता चालू लागला. मुलाकडची माणसं हादरली. मुलीत काहीतरी खोट आहे आणि ती जावयाला माहीत आहे, असं त्यांना वाटलं. साखरपुडा मोडता मोडता राहिला. हौसाने त्याच दिवशी पिशवी भरली. "आता काका सांगतील तवाच परत यीन," म्हणाली आणि गेली.

काका म्हणजे भास्करराव दिघोळकर. लोकांना हसवणं हा त्यांचा धंदा. आधी त्यांनी गणपतीच्या मांडवात हसवलं, मग ऑर्केस्ट्रात, आणि आता म्हातारपणी ते पुण्यातल्या एका कॉमेडी क्लबात हसवत होते. माणसं बदलली, मांडव बदलले, विनोद मात्र तेच राहिले.

रविवारी केरबा बायकोला न्यायला पुण्यात दाखल झाला. काकूंच्या हातचं जेवला. काका म्हणाले, "आज दुपारी माझा कार्यक्रम आहे. जावईबापू, तुम्हीही चला. माणूस हसतो कसा, त्यावरून मला तो कळतो. मग हौसाचं बघू."

क्लब एका तळघरात होता. स्टेजवर एक माइक, एक स्टूल आणि मागे विटांची भिंत. खऱ्या विटा आत होत्याच, पण त्यांवर गिलावा करून वर विटांचं चित्र असलेला कागद चिकटवला होता. पहिल्या रांगेत बसणाऱ्याची काका सगळ्यांसमोर टिंगल करत. शहरातली माणसं त्यासाठी तिकीट काढून येत. गावात हे फुकट होतं, पण गावात एसी नसतो.

हौसा आणि केरबा पहिल्याच रांगेत बसले. हौसा कुजबुजली, "काका बोलाय लागलं की हसायचं. तोंड शिवल्यागत बसू नका."

काका स्टेजवर आले. म्हणाले, "नमस्कार."

केरबा हसला.

"मोबाइल बंद करा, मंडळी."

केरबा मांडीवर थाप मारून हसला.

काकांनी आवाज खाली आणला. "गेल्या वर्षी माझे वडील वारले."

केरबा खुर्चीवरून घसरेपर्यंत हसला. काकांचा पुढचा विनोद तसाच राहिला. काका पाणी प्यायले. केरबा एकदम गप्प झाला, कारण पाणी पिताना काका बोलत नव्हते.

हौसाने त्याला चिमटा काढला. "चार लोक हसतील तवा हसावं. लोकांकडं बघा जरा."

केरबाला पटलं. त्याने खुर्ची उचलली, उलटी फिरवली आणि काकांकडे पाठ करून लोकांची तोंडं बघत बसला. लोकांना हसू आलं. ते हसले म्हणून केरबा हसला. केरबा हसला म्हणून ते आणखी हसले. काका मागे माइक धरून उभे होते आणि क्लबात एवढा हशा त्यांनी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

हौसाने दात-ओठ खात खुर्ची सरळ करवली. "काकांकडं बघा. त्यांनी काय इचारलं तर सरळ उत्तर द्या. एवढं तरी जमंल का?"

"जमंल की."

काका आता चिडले होते. या प्राण्याला सोलून काढायचंच, असं ठरवून ते रांगेपाशी आले. पण आधी त्यांनी आपला ठेवणीतला विनोद काढला. "मंडळी, माझ्या बायकोच्या हातचं जेवून आजवर कुणी जिवंत राहिलंय का?"

केरबा उभा राहिला. "म्या राहिलोय. आज दुपारी काकूंनी वांगं केलंतं. तुमी तीनदा मागून घेतलंसा."

क्लब कोसळला.

"बसा, बसा," काका म्हणाले. "मंडळी, हा विनोद तुम्ही कुठं ऐकलाय का?"

केरबा परत उभा राहिला. "ऐकलाय की. हौसाच्या हळदीला ऐकला. लग्नात ऐकला. तिच्या आज्जीच्या तेराव्यालाबी तुमी सांगितलासा."

लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. हे सगळं ठरवून केलंय, असं त्या शहाण्यांना वाटलं. क्लबाच्या मालकाने काकांना बाजूला घेऊन सांगितलं, की दर रविवारी या माणसाला आणाच. काकांचा चेहरा पडला.

क्लबाच्या पायऱ्यांवर हौसाला रडू फुटलं. "अवो, काकांचं खरं मानायचं नसतं. ते इनोद करत्यात. हसायचं, टाळी द्यायची आन् सोडून द्यायचं. उत्तरं कसली देता?"

"मग हे आधी का सांगितलं न्हाईस?" केरबा म्हणाला.

घरी येऊन काकांनी झोपाळ्यावर बसून हिशोब केला. हौसा इथे आहे तोवर हा येणार. हा आला की मालक बोलावणार. याला टाळायचं तर एकच मार्ग होता. त्यांनी केरबाला समोर बसवलं. हौसा दाराशी उभी होती. काका अगदी गंभीर आवाजात म्हणाले, "जावईबापू, तुमच्या मनात कपट नाही. झालं गेलं विसरलो. हौसाला घेऊन जा. आत्ताच."

हौसाचा चेहरा खुलला. ती डोळे पुसत पिशवी भरायला आत पळाली.

केरबाने मांडीवर थाप मारली आणि खदाखदा हसला.

"हसता काय? मी मनापासून सांगतोय."

केरबा आणखी हसला. "पुरं काका, प्वाट दुखाय लागलं." त्याने काकांना टाळी दिली, "येतो" म्हणाला आणि पायात चपला सरकवून बाहेर पडला. हौसा पिशवी घेऊन आली तेव्हा झोपाळ्यावर काका एकटेच होते, हात तसाच पुढे धरून.

केरबा गावी पोचला. आई दारातच होती. "सून कुठं हाय रं?"

"राहिली तिथंच," केरबा पाणी पीत म्हणाला. "पर काकांनी काय हसवलं, आई. म्हणालं, हौसाला घेऊन जा. आन् ते बी असं तोंड करून, की एखादा खुळा असता तर खरंच घेऊन आला असता."