धनेशाच्या पिलाची भिंत

एकदा एका वैद्याच्या शिष्याने दयेपोटी एक घर फोडले.

शिष्य हुशार होता, पण भारी उतावळा. गळू दिसले की फोडायचे आणि फोडले की लेप लावायचा, या दोन विद्यांत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. औषधासाठी मध काढायला तो गुरूंबरोबर रानात गेला होता. तिथे त्याला एका जुन्या बेहड्याच्या खोडात ढोली दिसली. तिचे तोंड वाळक्या लिंपणाने बुजवलेले होते आणि मधे बारीकशी फट. धनेश पक्ष्यांची जोडी आळीपाळीने येई, फटीतून आत फळे भरवी आणि उडून जाई. आतून पिलाची हाक ऐकू येई.

“आईबाप मोकळे आणि पोर कोंडलेले!” शिष्याचा जीव कळवळला. गुरू पुढे गेले होते. त्याने मधासाठी आणलेली शिडी लावली, कोयत्याच्या मुठीने लिंपण फोडले आणि मोठे पुण्य केल्यासारखा खाली उतरला.

पिलू काही बाहेर आले नाही. त्याला धड पिसेही फुटली नव्हती. ते अंग चोरून मागे सरकले. तेवढ्यात बुंध्याशी पाला खसखसला. एक घोरपड मान उंचावून वर पाहत होती. ढोलीचे तोंड का बंद होते ते शिष्याला आत्ता कळले.

दगड मारून त्याने घोरपडीला पळवले. धावत ओढ्यावर जाऊन चिकणमाती आणली, मळून लोण्यासारखी मऊ केली. शिडीवर पाय ठेवणार, तोच गुरू परतले. त्यांनी सारे ऐकून घेतले. मग मातीचा गोळा शिष्याच्या हातून घेतला आणि सावकाश स्वतःच्या दुखऱ्या गुडघ्यावर थापला.

“गुरुजी, पिलू मरेल हो!”

“माती छान मळली आहेस,” गुरू म्हणाले. “आता शिडी काढ. काठी घे आणि बुंध्याशी बस. राखण कर, लिंपण करू नकोस.”

शिष्याला संताप आला. म्हातारपणी माणसाचे काळीज इतके कोरडे होते का, असेही मनात आले. पण गुरूंचा शब्द मोडायची त्याची प्राज्ञा नव्हती. घोरपड पुन्हा आली. त्याने पुन्हा हाकलली.

उन्हे कलली तेव्हा वर टकटक सुरू झाली. पिलू ढोलीच्या तोंडाशी आले होते. स्वतःची विष्ठा आणि फळांचा चोथा चोचीने उचलून ते कडेला थापत होते. थापलेले गळून पडे, ते पुन्हा थापी. दुसऱ्या दिवशी ऊन वर येईतो भिंत उभी राहिली, आणि मधे फट उरली, बरोबर त्याच्या चोचीपुरती!

“बांधली! गुरुजी, पोराने बांधली!” शिष्य लहान मुलासारखा नाचू लागला. “पण याला शिकवले कोणी?”

“कोणीच नाही,” गुरू हसून म्हणाले. “आधी त्याची आई आत बसली होती. तिनेच आतून भिंत लिंपली होती. पिलू जरा वाढले तशी ती फोडून बाहेर पडली आणि मागे पिलाने तोंड बुजवले. ही विद्या त्याच्या रक्तातच आहे, बाबा. तू ज्याला कोंडवाडा समजलास, त्याची कडी आतून लावलेली होती. चोचीला किती जागा हवी हे तुला बाहेरून कसे कळणार होते? घोरपड त्याच्या आवाक्याबाहेरची, म्हणून तुला काठी दिली. भिंत त्याच्या आवाक्यातली होती.”

त्यानंतर शिष्य रोज येऊन झाड पाहून जाई. पुढे पिलाला पंख फुटले आणि त्याने ती भिंत फोडायला घेतली. ते धडपडले, थकले, थांबले. शिष्याचे हात शिवशिवत होते, तरी तो जागचा हलला नाही. अखेर शेवटची खपली पडली, पिलू ढोलीच्या काठावर आले आणि त्याने आभाळात झेप घेतली. त्या पंखांच्या आवाजाने रान दणाणले, आणि शिष्याचे डोळे आनंदाने भरून आले.

लेकरांच्या झाडाखाली काठी घेऊन जरूर बसावे. शिडी मात्र लावू नये.