गोजराने सायकल कशी निवडली

“हात लावायचा नाही, वर बसायचं नाही आणि कुणाला विचारायचंही नाही!” उंबरगडचे तात्यासाहेब महाराज मिशीवर ताव देत म्हणाले. “नुसतं बघायचं आणि निवडायचं. जमतंय का, बोल!”

गोजरानं मान हलवली. शिवा कासाराची ही लेक. रुमालात बांधलेले तीस रुपये तिनं घट्ट धरले होते, आणि समोर राजवाड्याच्या सायकलखान्यात सायकलीच सायकली! काळ्या, हिरव्या, लाल, उंच, बुटक्या. डोळेच फिरले.

दुसऱ्या दिवशी डाकस्वाराची परीक्षा होती. कावळघाटाच्या माथ्यावर जो पहिला पोचेल, त्याला संस्थानची डाक न्यायची नोकरी. गोजराच्या पायांत दम होता, पण घरची सायकल बांगड्यांच्या पेट्या वाहून वाहून पार म्हैस झाली होती. सपाटीवर कण्हायची आणि चढ आला की गोजरानंच तिला ढकलत न्यायचं! शहरातल्या दुकानदाराला तीस रुपये दाखवले, तर तो म्हणाला, “तेवढ्यात घंटी येईल बाई. वाजेलच असं नाही!” म्हणून ती सरकारांच्या दारी आली होती. जुनी चालेल, पण घाट चढणारी द्या!

सरकारांना सायकलींचं वेड. पण अटी घालायचं त्याहून मोठं.

“सूर्य डोक्यावर यायच्या आत बोट दाखव,” ते म्हणाले. “जी दाखवशील ती तीस रुपयांत तुझी. खटारा निघाला तर रडत यायचं नाही!”

“नाही येणार सरकार. खटाऱ्यावरून इथवर पोचणारच कशी मी?”

सरकारांची मिशी जराशी हलली. सायकलखान्याचे दरोगा बळवंतराव मात्र गालात हसत होते. ते का हसतायत, हे काही गोजराला कळेना.

ती रांगेतून फिरू लागली. एक लालभडक सायकल अशी चमकत होती की तिच्या दांडीत तोंड दिसावं. शेजारी एक चिखलानं बरबटलेली. लाल घ्यावी? पण एवढी चांगली आहे तर तीस रुपयांत का देतील? मग चिखलाची घ्यावी? पण ती खरंच भंगार असली तर? तेवढ्यात बळवंतरावांनी मागून ट्रिंग् करून घंटी वाजवली. गोजरा टुणकन उडाली!

“घंटीला घाबरते आणि म्हणे घाट चढणार!”

“घाटात घंटी वाजवायला तुम्ही नसणार ना, दरोगासाहेब!” ती म्हणाली आणि पुढं सरकली.

भिंतीशी हरकारे उभे होते. सरकारांचे निरोप घेऊन रोज याच सायकली दामटणारी मंडळी. कोणती कशी पळते ते त्यांना झोपेत विचारलं तरी सांगतील. पण विचारायचं नाही! आणि आज ते गोजराकडे बघतही नव्हते. सगळ्यांची नाकं वर होती. तिनंही नाक वर करून वास घेतला.

जिलबी!

त्या दिवशी सरकारांचा वाढदिवस. टेकडीपलीकडच्या आमराईत पानं मांडलेली. उंबरगडात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, की पहिल्या पंगतीला कढईतली गरम जिलबी आणि दुसऱ्या पंगतीला परातीतला चुरा.

गोजरा एकदम वळली. “सरकार, सायकलीबद्दल नाही, दुसरं काही मागितलं तर चालेल?”

“माग की!”

“या भाऊंना जेवायला सोडा. एवढी माणसं भोवती उभी असली की मला काही सुचत नाही. आणि तुमच्या वाढदिवसाला त्यांच्या वाट्याला चुरा आला, तर बरं दिसेल का?”

“छे छे, चुरा कसा?” सरकारांनी हात उडवला. “पळा रे! घ्या सायकली आणि गाठा पहिली पंगत!”

“सरकार, नको!” बळवंतराव किंचाळले.

पण ऐकतंय कोण! हरकारे तुटून पडले. ढांगळ्या येसबानं उंच हिरवी सायकल ओढली. कुणी काळी पळवली, कुणी एकमेकांच्या अंगावरून उड्या मारल्या. लाल सायकलीकडे तर कुणी ढुंकूनही बघेना. आणि कोपऱ्यात बुटका सख्या आणि बुटका भिका त्या चिखलानं बरबटलेल्या सायकलीला दोन्हीकडून लोंबकळत होते.

“सोड! आधी मी धरली!”

“मर मेल्या! काल तूच नेलीस!”

“तीच!” गोजरानं बोट दाखवलं. “सरकार, मला तीच हवी!”

बळवंतरावांचा चेहरा चुऱ्यासारखा झाला.

“दरोगा,” सरकार म्हणाले, “पहाटेपासून बसून तुम्ही एवढा चिखल फासलात, तो वायाच गेला म्हणायचा!” मग ते गोजराकडे वळले. “पण पोरी, सगळ्यात आधी तर हिरवी पळवली. ती का नाही निवडलीस?”

“ती येसबाभाऊंच्या तंगड्यांना बरी, सरकार. मी तिच्यावर बसले तर माझे पाय हवेत आणि घाट जमिनीवर! माझ्या उंचीचे इथं दोघंच. इतक्या सायकली मोकळ्या असताना दोघं एकीसाठी भांडतायत. टेकडीपलीकडे गरम जिलबी वाट बघत असली, की माणूस रंग बघत नाही, सरकार. चढ बघतो!”

सरकार असे हसले की फेटा कानावर आला. गोजरानं पुढं केलेली रुमालाची गाठ त्यांनी हसता हसता तशीच तिच्या हातात परत कोंबली.

“सायकल तुझी! आणि उद्या घाटात पहिली आलीस की डाकेची पिशवी मी स्वतः तुझ्या खांद्याला अडकवीन.”

“आणि नाही आले तर?”

“तरी इथं यायचंच! दरोगा, लिहून घ्या. आजपासून उंबरगडात नवी सायकल घ्यायची म्हटली, की आधी कढई चढवायची आणि मग गोजराबाईंना बोलवायचं!”